पोरांच्या शिबिरात मोकळीक कोणाला आणि कशाची?

मे महिना लागला की आमच्या कोकणपट्ट्यात, म्हणजे वर मंडणगडपासून खाली वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही जा, पोरांसाठी काही ना काही चालू असतंच. कुठे देवळाच्या सभामंडपात संस्कार शिबिर, कुठे शाळेच्या पटांगणात कबड्डीचा कॅम्प, कुठे एखादा चाकरमानी सुट्टीला आलाय आणि वाडीतली पोरं गोळा करून चित्रकला, ओरिगामी, स्पोकन इंग्लिश जे येईल ते शिकवतोय, कुठे रिटायर गुरुजी पडवीत बसून पाढे घेतायत. पुढे गणपती जवळ आले की जाखडी नाचाच्या तालमी, आणि त्या रात्री उशिरापर्यंत. पैसे कोणी घेत नाही, घेतलेच तर खाऊपुरते. ही सगळी हौसेची, फुकट राबणारी माणसं आहेत आणि ती नसती तर आमच्याकडच्या पोरांना सुट्टीत मोबाईल आणि आंबे सोडून तिसरं काही मिळालं नसतं, कारण इथे ना हॉबी क्लास आहेत ना कोचिंगवाले, वीस-वीस पटाच्या शाळा टिकवताना नाकी नऊ येतात तिथे बाकीचं कोण बघणार.

आणि गेली एक-दोन वर्षं ह्याच माणसांवरून गावागावात कुरबुर चालू आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचं बाहेर आलं, 20 तारखेला लोक रेल्वे रुळांवर उतरले, मग सरकार हललं. शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेट्या, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, जी खरं तर 2022 च्या जीआरमध्ये आधीच होती पण बऱ्याच ठिकाणी फळ्यावर नावं लिहिण्यापुरतीच. ते सगळं शाळांसाठी. पण पालकांच्या डोक्यात साहजिकच पुढचा प्रश्न आला, की शाळेतल्या शिपायाची पडताळणी करायची तर मग सुट्टीत पोरांना घेऊन किल्ल्यावर जाणाऱ्या दादाची का नाही?

एक बाजू म्हणते सगळ्यांचे पोलीस दाखले आणा, नाहीतर शिबिरं बंद करा. दुसरी बाजू म्हणते अहो आम्ही पदरचा वेळ घालवतो आणि वर आमच्याकडेच चोर असल्यासारखं बघता, मग करा तुमचं तुम्ही. मला दोन्हींचं म्हणणं कळतं. पण दोघं भांडतायत ते माणसाच्या चारित्र्यावरून, हा माणूस चांगला की वाईट, ह्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. ते ठरवण्याचं यंत्र कोणाकडेच नाहीये, ना पोलिसांकडे, ना गावाकडे.

माझं म्हणणं असं आहे की स्वयंसेवकाने काय शिकवावं, कसं शिकवावं, पोरांना कुठे न्यावं, किती मस्ती करू द्यावी ह्यात त्याला भरपूर मोकळीक द्या, आत्ता देतो त्याहून जास्त द्या. पण कोणाला न दिसता एका पोराबरोबर एकटं राहण्याची मोकळीक कोणालाच देऊ नका, गुरुजींना नाही, मंडळाच्या अध्यक्षाला नाही, मला स्वतःला पण नाही. एवढी एक गोष्ट पाळली की बाकीच्या निम्म्या नियमांची गरज राहत नाही.

आता दाखल्याचं बघू, कारण लोकांचा सगळा भर त्याच्यावर आहे. चारित्र्य पडताळणीचा दाखला म्हणजे काय, तर ऑनलाइन अर्ज करायचा, कागद अपलोड करायचे, मग पोलीस स्टेशनला फेरी, आणि शेवटी एक कागद मिळतो की ह्या इसमावर आमच्याकडे गुन्ह्याची नोंद नाही. नोंद नाही एवढंच. ज्याने केलं पण कोणी तक्रार केली नाही त्याचाही दाखला स्वच्छच येणार, आणि आपल्याकडे तक्रार किती जण करतात हे आपल्याला माहितीय. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांत, महाराष्ट्र धरून, 12,447 मुलांशी बोलून एक मोठा अभ्यास केला होता, त्यात 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं, आणि त्रास देणाऱ्यांत निम्मे जण ओळखीतले किंवा विश्वासातले होते, आणि बहुतेक मुलांनी ते कोणालाच सांगितलेलं नव्हतं. आता ह्यातल्या किती जणांचं नाव पोलीस स्टेशनच्या वहीत असेल? 2018 मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद पण सुरू झाली, पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना बघता येते, तुमच्या माझ्या मंडळाला नाही. म्हणजे दाखला नकोच असं मी म्हणत नाही, ज्याच्यावर आधी गुन्हा आहे तो तरी त्याने अडतो, पण दाखला फाईलला लावला म्हणजे पोरं सुरक्षित झाली असं जे आपल्याला वाटायला लागतं ना, ते जास्त धोक्याचं.

ह्याच अभ्यासातली अजून एक गोष्ट जी आमच्याकडे कोणाच्या डोक्यातच येत नाही. त्रास झाल्याचं सांगणाऱ्यांत मुलगे निम्म्याहून थोडे जास्तच होते, 53 टक्क्यांच्या आसपास. आणि आपण काय करतो, मुलींचा कॅम्प असला की बरोबर कोणीतरी बाई पाहिजे म्हणून आग्रह धरतो आणि मुलग्यांना कबड्डीच्या मॅचेसला कोचबरोबर चार दिवस खुशाल पाठवतो, कुठे राहणार, कोणाच्या खोलीत झोपणार, विचारतसुद्धा नाही. पोरगा आहे, त्याला काय होतंय! पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा कायदा, मुलगा-मुलगी असा फरक करत नाही, 18 वर्षांखालचं प्रत्येक जण त्याच्यात येतं, फरक आपण करतो.

कायद्याचा विषय निघालाय तर तेही नीट समजून घेऊ, कारण गावात ह्याबद्दल फारच गैरसमज आहेत. पोक्सो 2012 चा, त्याचे नवीन नियम 2020 चे. त्या नियमांत म्हटलंय की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या शाळा, पाळणाघरं, क्रीडा अकादम्या वगैरे संस्थांनी आपल्या कर्मचाऱ्यांची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायची, कायम असो की कंत्राटी. पण हे सगळं पगारी माणसांच्या भाषेत लिहिलंय. आता आमच्या वाडीतलं मंडळ ही संस्था धरायची का, त्यातला सुट्टीला आलेला पोरगा कर्मचारी धरायचा का, ह्यावर वकील लोक भांडत बसतील. पण त्याच कायद्यातलं कलम 19 मात्र कोणालाच सोडत नाही. मुलावर अत्याचार झालाय किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला कळलं त्याने, मग तो कोणीही असो, पोलिसांना कळवायचंच. नाही कळवलं तर कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आणि चांगल्या हेतूने कळवलं, नंतर तसं काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, हेही त्यातच लिहिलंय. नोव्हेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टाने चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे.

आता हे आमच्या गावच्या पद्धतीशी लावून बघा. आमच्याकडे काही झालं की आधी काय होतं, तर चार मानकरी एका घरात बसतात. बाहेर जाऊ द्यायचं नाही, पोरीचं पुढे लग्न व्हायचंय, त्या घराशी आपली सोयरीक आहे, ह्यावर्षी पालखी त्यांच्याकडे आहे, त्याला मुंबईला पाठवून देऊ, विषय संपला. खाली सिंधुदुर्गात गेलात तर ऐकायला मिळेल, "अरे आपलोच झील तो, तेका काय पोलिसात देतास?" आणि तो आपलोच झील, म्हणजे आपलाच मुलगा, मुंबईला जातो आणि तिकडच्या कुठल्यातरी मंडळात परत पोरांना कबड्डी शिकवायला लागतो, स्वच्छ दाखल्यासकट. म्हणजे ती बैठक घेणाऱ्या चौघांनीच तो दाखला स्वच्छ ठेवलेला असतो. हे लोक पडताळणी पाहिजे म्हणून सगळ्यात मोठ्याने ओरडतात ह्याचं मला कायम नवल वाटतं.

अमेरिकेत बॉय स्काउट्स ह्या मुलांच्या संघटनेचं जे झालं ते ह्या बाबतीत वाचण्यासारखं आहे. आपल्या भारत स्काउट्स आणि गाइड्सशी त्याचा संबंध नाही, ती वेगळी संघटना. तिथे संघटनेकडे वाईट वागलेल्या स्वयंसेवकांच्या फायली होत्या, थोड्याथोडक्या नाही, कित्येक दशकांच्या. माहिती होती, यादी होती, फक्त ती कपाटात होती आणि पोलिसांना, पालकांना बऱ्याचदा सांगितलेलंच नव्हतं. शेवटी फेब्रुवारी 2020 मध्ये संघटनेने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि 82,000 हून जास्त लोक आमच्यावर लहानपणी अत्याचार झाले म्हणून दावे घेऊन पुढे आले. पण त्याच संघटनेचा एक नियम मात्र सोन्यासारखा आहे, कुठल्याही कार्यक्रमात कमीत कमी दोन मोठी माणसं पाहिजेतच आणि मोठ्या माणसाने एकट्या पोराबरोबर बंद जागेत राहायचं नाही. ह्या नियमात कोण चांगला कोण वाईट हे ठरवावंच लागत नाही. चांगल्या माणसाचं त्यात काही जात नाही, उलट उद्या कोणी खोटा आळ घेतला तर दुसरा माणूस साक्षीला असतो. आणि वाईट माणसाला जे पाहिजे असतं तेवढंच नेमकं मिळत नाही.

इंग्लंडने ह्याच्या उलट टोकाला जाऊन बघितलं. 2002 मध्ये सोहॅम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला, करणारा तिथल्याच एका शाळेचा केअरटेकर. त्याच्यावर आधी दुसऱ्या भागात लैंगिक तक्रारी झालेल्या होत्या, एकातही शिक्षा नव्हती आणि नोकरी देताना ती माहिती पुढे आलीच नाही. चौकशी झाली, 2006 मध्ये कायदा झाला आणि अशी योजना निघाली की मुलांच्या संपर्कात येणाऱ्या लाखो लोकांची नोंदणी आणि पडताळणी करायची, आकडा कोटीच्या आसपास चालला होता. शाळेत गोष्टी सांगायला जाणाऱ्या लेखकांनीसुद्धा नोंदणी करायची म्हटल्यावर 2009 मध्ये काही नामवंत बाललेखक भडकले, म्हणाले आम्ही शाळेत जाणंच बंद करतो. 2010 मध्ये नवीन सरकारने ती योजना थांबवली आणि 2012 च्या कायद्याने ती बरीच आकसली. त्या कायद्यात साधारण असं होतं की कोणी वारंवार, किंवा रात्रीच्या मुक्कामात, मुलांबरोबर असतो का आणि त्याच्यावर दुसऱ्याची देखरेख आहे का, ह्यावर पडताळणी किती कडक ते ठरतं. रात्रीचं म्हणजे किती, तर पहाटे दोन ते सहा. हे वाचून मला हसू आलं, पण विचार केला तर कुठेतरी रेघ मारायला लागतेच. अर्थात तिथेही वाद संपलेला नाही, 2022 च्या मोठ्या चौकशी अहवालात म्हटलंय की जे ह्या कडक चौकटीत बसत नाहीत पण वारंवार मुलांत काम करतात त्यांचीही नावं बंदी घातलेल्यांच्या यादीत आहेत का हे बघता आलं पाहिजे. आणि ते बरोबरच आहे, अशी यादी असेल तर बघू द्यावी. पण आपल्याकडे सामान्य मंडळाला बघता येईल अशी यादीच नाही, म्हणून आपल्याला देखरेखीवरच जास्त विसंबावं लागणार.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, ताई दोन माणसं आणायची कुठून? खरं आहे. आमच्या वाड्यांत दहा घरं असतील तर सहाला कुलूप, बाकीच्यांत आजी-आजोबा आणि चुली सांभाळणाऱ्या बायका. एक स्वयंसेवक मिळतानाच मारामार. पण नियमात दुसरा माणूस शिकवणारा पाहिजे असं कुठे आहे? दुसरं माणूस फक्त तिथे असलं पाहिजे, डोळे उघडे ठेवून. आमच्याकडच्या आज्या पडवीत बसून तांदूळ निवडत, कोकमं फोडत, वाती वळत दिवस काढतातच, त्यातली एक सभामंडपात येऊन बसली तर काय बिघडलं? आजी असली की पोरं पण नीट वागतात आणि दादा पण. बचत गटातल्या बायका, आशाताई, अंगणवाडी सेविकेच्या मदतनीस, आळीपाळीने एकेक तास बसल्या तरी होतं. पालकांनाच पाळी लावून द्या. शिबिर बंद खोलीत घ्यायचंच कशाला, आपल्याकडे खळी आहेत, सभामंडप आहेत, पटांगणं आहेत, आणि मे महिन्यात पाऊस नसतो, निदान पंधरा-वीस तारखेपर्यंत तरी.

अडतं ते मुक्कामी कार्यक्रमांना. वेळासला कासवांची पिल्लं सोडताना बघायला पोरांचे ग्रुप येतात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 च्या सुमाराला ते काम सुरू केलं आणि आता दरवर्षी लोक लांबून येतात, पहाटे आणि संध्याकाळी पिल्लं सोडतात म्हणून मुक्काम करावाच लागतो, राहायची सोय गावातल्या घरांत. माणगावजवळ वडघरला साने गुरुजींच्या स्मारकात मुलांची शिबिरं होतात. अशा ठिकाणी झोपायचं कुठे, कोण कोणाच्या खोलीत, रात्री पोराला पोट दुखायला लागलं तर तो कोणाला उठवणार, त्याच्याकडे घरी फोन करायला काय आहे, हे आधी ठरलेलं पाहिजे आणि पालकांना सांगितलेलं पाहिजे. मी स्वतः पोरगी मुक्कामी पाठवताना आयोजकाला एवढंच विचारते की रात्री मोठी माणसं कुठे झोपणार. जो नीट उत्तर देतो त्याच्याकडे पाठवते. जो चिडतो त्याच्याकडे नाही. मोबाईलचं पण तसंच. दादाने पोरांना वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत, जे काय आहे ते पालक असलेल्या ग्रुपवर टाकायचं, प्रॅक्टिस किती वाजता हे सांगायला रात्री साडेअकराला पर्सनल चॅट लागत नाही.

आता दुसऱ्या बाजूला येते, कारण नियमवाल्यांचंही एक चुकतं आणि ते जोरात चुकतं. त्यांना सगळे धोके एकच वाटतात. समुद्र, किल्ला, साप, पाणी, आणि माणूस, सगळ्याला एकच औषध, मनाई. 1 फेब्रुवारी 2016 ला रायगडमधल्या मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 कॉलेज विद्यार्थी बुडाले. भयंकर घटना होती, त्यानंतर सगळीकडे सहलींवर बंधनं आली आणि कित्येक ठिकाणी समुद्राकडे न्यायलाच नको असं ठरलं. पण ती मुलं बुडाली कारण त्यांना हा समुद्र माहिती नव्हता, त्याला उपाय माहिती असलेला माणूस बरोबर असणं हा आहे. आमच्याकडचा कुठलाही जाणता खारवी किंवा कोळी काका तिथी ऐकली की सांगतो भरती किती वाजता, तिथीला पाऊणने गुणायचं, अष्टमी असेल तर साधारण सहा वाजता भरती. उधाण कधी, कुठल्या बाजूला खड्डा पडतो, ओढ कुठून लागते, हे त्याला पायाखालच्या पाखाडीसारखं ठाऊक असतं. अशा माणसाला छापील नियमांची यादी देऊन काय होणार? उलट त्याला सांगा काका, ही पोरं तुमच्या ताब्यात, आज पाण्यात जायचं की नाही ते तुम्ही ठरवा, तुम्ही नाही म्हणालात तर सरपंच आला तरी जायचं नाही. आणि त्याच्या हातात दोर, फ्लोट, लाइफ जॅकेट द्या, पैसे खर्च करायचे तर तिथे करा. किनाऱ्यावरच्या शाळेतल्या पोरांना पोहता येत नाही ह्याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट नाही, आणि मनाई करून ती वाढतेच आहे.

म्हणजे समुद्राच्या बाबतीत जाणत्या माणसाला मोकळीक द्यायची, आणि एकांताच्या बाबतीत जाणत्यालाही द्यायची नाही. आत्ता आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. काकाला पोरांना पाण्यात उतरवायची परवानगी नाही, पण तोच काका एकटा एका पोराला होडी दाखवायला खाडीत घेऊन गेला तर कोणी हटकत नाही.

आणि अजून एक, संस्था जे नियम करतात ते बऱ्याचदा पोरांसाठी नसतातच, स्वतःची कातडी वाचवायला असतात. पालकांकडून सही घेतलेला कागद की काही झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत. तो कागद घेतला की आयोजक निर्धास्त. त्या कागदाने एकही पोर वाचत नाही. तक्रारपेटी लावली, फोटो काढला, अहवाल गेला, आणि पेटीची चावी ज्याच्याबद्दल तक्रार होऊ शकते त्याच्याच खिशात. असे नियम वाढवले की चांगली माणसं वैतागून जातात आणि वाईट माणूस मात्र जात नाही, तो सगळे फॉर्म वेळेवर आणि सुंदर अक्षरात भरतो, त्याला तेवढा इंटरेस्ट असतोच. नियम करताना विचारायचं एवढंच, ह्याने चांगल्या माणसाचं काय नुकसान होतं आणि वाईट माणसाची काय अडचण होते. दार उघडं ठेवण्याने चांगल्याचं काहीच जात नाही. तीन फेऱ्या मारून आणलेल्या कागदाने त्याचे दोन दिवस जातात, आणि मुंबईहून आठ दिवसांसाठी आलेल्या पोराचे दोन दिवस म्हणजे पाव सुट्टी.

2021 च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा पुण्या-मुंबईहून पोरंपोरी आली, घराघरातला चिखल उपसला. बाजारपेठ, लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारखं 1864 पासूनचं वाचनालय, सगळ्यात पाणी शिरलेलं. तेव्हा कोण कोणाचा दाखला मागणार होतं आणि मागावाही कशाला. पण अशाच वेळी घरं उघडी असतात, आईबाप रांगेत असतात, पोरं कोणाच्याही हवाली असतात. आपत्तीनंतर पोरांसाठी खेळ, गोष्टी, चित्रं घेऊन येणाऱ्या माणसांना अडवायचं नाही, फक्त गावातली एक बाई त्यांच्याबरोबर सतत पाहिजे. ह्याला ना जीआर लागतो ना बजेट.

ह्याच्यावर एक आक्षेप मला मनापासून पटतो. माया कमी होईल. पोर पडलं तर उचलून कडेवर घ्यायचं की नाही, रडत असेल तर जवळ घ्यायचं की नाही, असा विचार करत गुरुजी लांब उभे राहिले तर ते काय शिबिर झालं. आपल्याकडे पोरं आख्ख्या वाडीची असतात, कोणीही कान पिळतं, कोणीही भाकरी देतं, आणि ते जावं असं मला अजिबात वाटत नाही. पण चार लोकांसमोर पोराला जवळ घ्यायला कोण नाही म्हणतंय? घ्या की. खुल्लमखुल्ला घ्या. जी माया सगळ्यांसमोर करता येते तिला कुठलाच नियम आड येत नाही. आणि पोरांना पण सांगायला हवं, लहान पोरांना कळेल अशा शब्दांत, की कोणी म्हणालं हे कोणाला सांगू नको, तर ते आधी घरी येऊन सांगायचं, मग सांगणारा मामा असो की महाराज. 1098 हा मुलांच्या मदतीचा चाइल्डलाइनचा नंबर पोरांना पाठ पाहिजे, पाढ्यांच्या बरोबर तोही घेता येतो.

हे कोणी बघायचं, तर त्यासाठी नवीन समिती नको, आहे तीच पुष्कळ झाली. गावपातळीवर ग्राम बाल संरक्षण समिती कागदावर आहे, सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. बहुतेक गावांत तिची बैठक कधी झाली हे विचारलं तर लोक एकमेकांकडे बघतात. ह्या समितीने फार काही करू नये, दोनच कामं करावी. गावात पोरांसाठी काहीही चालू होणार असेल तर कोण घेणार, कुठे, किती वाजता आणि दुसरं मोठं माणूस कोण, हे एका वहीत लिहून घ्यावं आणि पंचायतीच्या फळ्यावर लावावं. परवानगी नको, नुसती नोंद, म्हणजे कोणाला अडवायचं राजकारण करता येणार नाही, कारण परवानगी म्हटलं की ती कोणाला द्यायची हे वाडीच्या भांडणावर ठरणार, हे आपण सगळे जाणतो. आणि दुसरं, जो नेहमी, वर्षभर पोरांबरोबर असतो, कोच, तालमीचा मास्तर, वाचनालयवाला, त्याचा पोलीस दाखला पंचायतीने स्वतः काढून घ्यावा, त्याला फेऱ्या मारायला लावू नये, फी असेल ती पंचायतीने भरावी. दोन तास ओरिगामी शिकवणाऱ्याच्या मागे लागू नये. ज्याला दार उघडं ठेवायचा राग येतो त्याला जाऊ द्यावं, खुशाल जाऊ द्यावं. पण जो कागदाला कंटाळून जातो तो आपला तोटा आहे आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

1 मेला ग्रामसभा असते, चाकरमानी पण आलेले असतात, त्याच सभेत हा विषय घेता येईल. फक्त ग्रामसेवकाला आधी लेखी द्या आणि विषयपत्रिकेत नंबर पडला का ते बघा, नाहीतर तो आयत्या वेळच्या विषयांत जातो आणि तिथपर्यंत पोचेस्तोवर पाणी आणि रस्त्यावरून भांडून अर्धी सभा घरी जेवायला गेलेली असते.